किसनभाऊंची पहिल्या नंबरची गाडी

रस्त्यात उकळून थांबणाऱ्या मोटारीला पहिला नंबर देणारा माणूस आमच्या वाशीमच्या गल्लीत एकच होता. किसनभाऊ.

तुम्ही पोरं इकडं यायचं ठरवलं की कोणत्या विमानात गुडघे दुमडावे लागत नाहीत, कोणत्यात जेवण बरं, यावर फोनवरच भांडता. ते ऐकताना मला सत्तरच्या दशकातले हे शेजारी आठवतात. अकोला तेव्हा आमचा जिल्हा. कचेरीतल्या कामासाठी प्रत्येकाला तिकडं जाणं जमायचं नाही, म्हणून गल्लीतल्या लोकांचे अर्ज, दाखले, नकला किसनभाऊ पोचवत. तिकिटाचे पैसे आणि वर चहापाणी, एवढीच कमाई. आठवड्यातून दोनदा तरी जाणं. त्यामुळं कोणत्या गाडीनं जावं यावर त्यांचा शब्द अखेरचा, निदान त्यांच्या मते तरी.

रेल्वे स्वस्त होती, धक्केही कमी. पण ती मोटारीच्या वाटेवरचं मालेगाव, मेडशी सोडून जऊळक्यावरून जाते म्हणून नापास. "रेल्वे म्हंजे श्रीमंत नातेवाईक. बाजूनं निंघून जाते, वळख देत नाही." सकाळच्या एसटी मोटारीचं नाव त्यांनी नवरदेव ठेवलं होतं. चकचकीत, वेळेवर पोचणारी, पण "कोणाकडं पाह्यतच नाही". दुपारची मात्र 'आपली आक्का'. तिच्या गाद्यांतून काथ्या बाहेर यायचा, खिडक्या दातांसारख्या वाजायच्या आणि मालेगावचा रस्ता चढता चढता ती तापायची. "बाकी काई असो बाई, गाडीत माणुसकी पाह्यजे," हे त्यांचं पालुपद.

आक्का पोचेपर्यंत कचेरी बंद झालेली असे. मग रात्र धर्मशाळेत, काम दुसऱ्या दिवशी; शनिवारी निघाले तर थेट सोमवारी. लोक चिडत. शेजारच्या वकिलांनी एकदा तोंडावर विचारलं, तुम्हाला मोटार कळते की नुसतं बसणं कळतं? किसनभाऊंनी त्यांना गाद्यांतल्या काथ्याचे फायदे सांगितले.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. माझी आई अकोल्याला आजारी होती, म्हणून शनिवारी शाळा सुटली की मीही दुपारचीच गाडी धरायची. उन्हाळ्यात एकदा किसनभाऊंच्या शेजारी जागा मिळाली. मेडशीला पोचेपर्यंत पुढून वाफ निघू लागली. ड्रायव्हरनं झाकण उघडलं, माणसं कुरकुरत खाली उतरली. समोरच्या घरातून डोईवर पदर घेतलेली एक बाई भरली बादली घेऊन आली. ती शांता, किसनभाऊंची एकुलती एक मुलगी. मेडशीला दिलेली.

इंजिन थंड होईपर्यंत बापलेक कडुलिंबाखाली उभे राहिले. ओट्यावरून सासू बघत होती. बाप आलाय म्हणून तिनं सुनेला बाहेर सोडलं नसतं; तापलेल्या गाडीला पाणी द्यायला मात्र नाही म्हणत नव्हती, गावात नाव व्हायचं. शांतानं तांब्या पुढं केला. किसनभाऊंनी नको म्हणून मान हलवली. ओठ सुकून पांढरे पडले होते त्यांचे. पुढं पातूरला गाडी थांबली तेव्हा हा माणूस हॉटेलातल्या रांजणाशी उभा राहून पाणी पितच राहिला.

आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणी पीत नसे. शांताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी शिकलेली, मी त्यांना चांगलंच सुनावलं. असले रिवाज चुलीत घाला म्हटलं. पोटच्या पोरीच्या हातचं पाणी, त्यानं कोणता देव कोपणार आहे?

"देवाचं काई नाही बाई," ते हळूच म्हणाले. "तिची सासू पाह्यते ना. म्या पाणी पेलं, तं म्हणन, बापानंच आशा सोडली. मंग दुसरी आणाले मोकळे. म्या पेलो नाही, तवरोक ते थांबून हायेत."

त्यानंतर आक्का तापली की मीही घड्याळ पाहणं सोडलं.

पुढच्या वर्षी दुपारच्या फेरीला कोरी गाडी आली. लोकांनी नारळ फोडला. किसनभाऊ मात्र जुनीच गाडी परत द्या म्हणून अर्ज घेऊन आगारात गेले. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाहिले, स्वतःसाठी केलेला हा एकच. तिथले लोक हसले आणि संध्याकाळपर्यंत गल्लीही हसली.

त्या शनिवारी आम्ही दोघं नव्या गाडीत होतो. गाद्या मऊ, काचा गप्प. मेडशीला एक म्हातारा उतरला आणि लगेच घंटी झाली. शांता बादली घेऊन अर्ध्या वाटेत पोचली होती. ओट्यावर सासू होतीच. गाडी हलली. किसनभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला, पण वर केला नाही. मी मागं वळून पाहिलं. शांतानं बादली कडुलिंबाच्या बुंध्याशी रिकामी केली आणि ती घराकडं वळली.

पातूरला ते उतरले नाहीत. अकोला दिसू लागलं. शेवटी मीच विचारलं, कशी वाटली नवी गाडी?

"चांगली हाये बाई," किसनभाऊ म्हणाले. "तिले तहानच नाही लागत."