जावयाची प्रतिकारशक्ती

नवरा काय करतो, असं कुणी विचारलं की रेश्मा सांगायची, "विषाणूंवर संशोधन करतात. ताप आला की शरीर त्याच्याशी कसं झुंजतं, त्यावर." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त शरीर कुणाचं, ते ती सांगत नसे. जयराजही सांगत नसे. शिरवळच्या प्रयोगशाळेत तो डुकरांच्या रक्तातली प्रतिकारशक्ती मोजायचा.

त्याचे सासरे नानासो हे शिराळ्याजवळच्या गावातले निवृत्त सुभेदार. त्यांनी हौसेनं घरी जावयाचा सत्कार ठेवला. जयराज पोचला, तर अंगणात फेटा, नारळ आणि आजारी माणसांची रांग!

"आवं डॉक्टर, थंडीताप गेला, पन गुडघं धरल्यात," शेजारच्या शालूबाई म्हणाल्या. "काय तरी बघा की."

"मी तसला डॉक्टर नव्हं, मावशी. मी नुसतं रक्त तपासतो."

हे ऐकताच आठ-दहा जणांनी बाह्या सरसावल्या. नानासोंनी कपाटातून स्पिरिटची बाटली आणली.

"सुया शिरवळला राहिल्यात," जयराज कसाबसा म्हणाला.

"मग आमी येतो की तिकडं! जीप करू," नानासोंनी वारसुद्धा ठरवून टाकला. "मंगळवारी."

जयराजला फेटा बांधायला सुरुवात झाली आणि टेबलावरचा त्याचा फोन वाजला. त्याचं डोकं फेटेवाल्याच्या ताब्यात. नानासोंनी फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"सायेब, तासगावहून कोंडीबा बोलतोय. लस टोचली, तरी चार पिल्लं तापानं फणफणल्यात! डुकरीण तेवढी बरी हाय. रक्त न्यायला कवा येताय?"

शालूबाईंनी बाही हळूच खाली ओढली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसत सुटले. जयराजच्या कानशिलांची आग झाली. त्यानं अर्धा बांधलेला फेटा उतरवला.

"मामा, चुकलं माझं. सांगायची लाज वाटली."

नानासोंचा चेहरा लालबुंद झाला होता. आता फोन आपटणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी तो तोंडाजवळ धरला.

"कोंडीबा, लस दिली तवा पिल्लं किती दिसांची हुती?"

"तीन आठवड्यांची."

"घाई केलीस गड्या! आईच्या चिकातली ताकद पिल्लाच्या रक्तात असती, तवर लस लागू पडत न्हाई. आजारी पिल्लं येगळी ठेव. सायेब आजच येत्यात."

जयराज बघतच राहिला. त्याचंही उत्तर नेमकं हेच होतं.

"मामा, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

नानासोंनी एकदा अंगणाकडं बघितलं, एकदा बायकोकडं, हरणाबाईंकडं. मग मान खाली घातली.

"सरहद्दीवर हुतो न्हवं... तिथं पलटणीची डुकरं माज्याकडं हुती. बावीस वर्सं."

हरणाबाई हातातलं ताट तसंच धरून पुढं आल्या.

"आन् त्या लढाईच्या गोष्टी सांगत हुता, त्या?"

"लढाई व्हायची की," नानासो पुटपुटले. "रोज व्हायची. खायला घालताना."