टिटवी सिस्टर आणि नोंदणीकृत गाठ

एका जंगलात एक दवाखाना होता. हसू नका. जंगलात राजा असतो, प्रधान असतो, दरबार भरतो, हे सगळं तुम्ही मान डोलावत ऐकता. मग दवाखान्यानेच काय घोडं मारलंय?

तर त्या दवाखान्यात दिवसपाळीला टिटवी सिस्टर असे आणि रातपाळीला वटवाघूळ सिस्टर. टिटवीची जात मुळात आरडाओरडा करणारी. पण रुग्णांची झोपमोड होऊ नये म्हणून ती कुजबुजायला शिकली होती. हे किती कठीण असतं, ते तुमच्या वर्गातल्या बाईंना विचारा. त्या तुमच्याबाबतीत अजून प्रयत्न करताहेत.

दोघी सिस्टरांची अडचण एकच होती. टिटवी सूर्य मावळताच घरी जायची आणि वटवाघूळ चांगला अंधार पडल्यावर यायची. त्यामुळे त्यांची भेटच होत नसे. चिठ्ठी ठेवावी, तर अंधारात ती वाचणार कोण?

मग टिटवीने एक युक्ती काढली. प्रत्येक खाटेला तिने एक वेल बांधली. औषध दिलं की वेलीला एक गाठ. ताप असला की गाठीत एक पान खोवायचं. रुग्णाला एखादं औषध सोसत नसलं, तर बाभळीचा काटा. वटवाघूळ आली की नखाने वेल चाचपायची आणि तिला सगळं समजायचं. तीन पावसाळे झाले, एकदाही औषध चुकलं नाही. या युक्तीला कुणी नाव दिलं नव्हतं आणि टिटवीलाही त्याची गरज वाटली नव्हती.

एके दिवशी दवाखान्यात सरडा आला. महाराजांनी त्याला माहिती-सुधारणा अधिकारी नेमलं होतं. म्हणजे नेमकं काय, ते महाराजांनाही ठाऊक नव्हतं. पण सरडा ज्याच्या शेजारी बसेल त्याच्या रंगाचा होई. त्यामुळे तो प्रत्येकाला आपलाच वाटे.

"सिस्टर, या वेली कसल्या?" त्याने विचारलं.

टिटवी हरखली. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने गाठ दाखवली, पान दाखवलं, काटा दाखवला. वेल ओली असेल तर गाठ दोनदा का आवळायची, तेही सांगितलं. वर जांभळं खायला दिली.

"गाठ डावीकडून की उजवीकडून?" सरड्याने विचारलं.

"उजवीकडून, साहेब."

"सिस्टर, असं ज्ञान कोपऱ्यात पडून राहता कामा नये," सरडा म्हणाला आणि उरलेली जांभळं घेऊन गेला.

त्याच आठवड्यात खुद्द वाघमहाराज दवाखान्यात दाखल झाले. त्यांनी एक सांबर शिंगांसकट गिळलं होतं आणि आठ दिवस पोट साफ झालं नव्हतं. अस्वलवैद्यांनी नाडी पाहिली आणि जमालगोट्याची एक बी लिहून दिली.

"एकच," अस्वलवैद्य म्हणाले. "सकाळी द्या नाहीतर रात्री द्या, पण एकच. दुसरी पोटात गेली, तर नवा राजा शोधावा लागेल."

महाराज कण्हत होते, म्हणून टिटवीने भर दुपारीच बी दिली. मग ती गाठ मारायला वेलीकडे वळली. तेवढ्यात दरबारचं माकड हुकूम घेऊन आलं. माकडाने घसा खाकरून वाचलं.

"गाठ मारून माहिती ठेवण्याची पद्धत सरडेसाहेबांच्या बुद्धीची मालमत्ता म्हणून नोंदण्यात आली आहे. त्यांच्या परवानगीवाचून कुणीही नोंदीसाठी गाठ मारू नये. अर्जाचं उत्तर चाळीस दिवसांत मिळेल."

"पण ही तर माझी गाठ आहे," टिटवी म्हणाली.

"असेल. दुसरा हुकूम ऐका," माकड म्हणालं.

दुसरा हुकूम गोपनीयता समितीचा होता. पोपट या समितीचा अध्यक्ष. महाराजांचा आजार गुप्त राहावा म्हणून अकरा सभासदांनी सकाळभर महाराजांच्या पोटावर सविस्तर चर्चा केली होती. दुपारपर्यंत त्यावर माकडांनी एक गाणंही रचलं होतं. हुकूम असा होता, की महाराजांच्या आजाराबद्दल सिस्टरने कुणाशी बोलू नये, कुणाकरवी निरोप ठेवू नये आणि पाळी संपल्यावर वॉर्डात थांबू नये. थांबल्यास माहितीचोर समजण्यात येईल.

"काळजी करू नकोस, सिस्टर. मीच सांगतो त्या वटवाघळीला, की बी घेतली," महाराज कण्हत म्हणाले.

"आपल्यालाही मनाई आहे, महाराज," माकड म्हणालं. "रुग्णाने स्वतःच्या आजाराबद्दल बोलायचं नाही."

"अरे, पण पोट माझं आहे."

"पोट आपलं. पोटाची माहिती समितीची. खाली आपलाच पंजा उमटलाय."

महाराजांनी पाहिलं. पंजा त्यांचाच होता. ते न वाचता पंजा उमटवत असत, सगळेच राजे उमटवतात.

माकड गेलं आणि टिटवी घाबरली. खरोखर घाबरली. ऊन उतरत चाललं होतं. घटकाभराने तिला निघावं लागणार होतं. मग वटवाघूळ येईल, वेल चाचपेल, गाठ सापडणार नाही आणि ती बिचारी इमानाने दुसरी बी देईल. टिटवीच्या हातून आजवर एकही रुग्ण दगावला नव्हता. मग तो वाघ असो की उंदीर, तिला सारखाच.

तिने दोन्ही हुकूम पुन्हा मनात घोळवले आणि खाटेजवळ गेली.

"महाराज, परवानगी असेल तर आपल्या शेपटीला एक गाठ मारू का?"

"शेपटीला?"

"वेलीला मारली तर ती दवाखान्याची नोंद होते. शेपूट आपली स्वतःची आहे. तिच्याबद्दल काही हुकूम नाही. दुखेल थोडं. नको वाटलं तर नाही म्हणा, मी जबरदस्ती करणार नाही."

आजारी पडल्यापासून महाराजांना कुणी काही विचारलं होतं ते हे पहिल्यांदा.

"मार बाई," ते म्हणाले.

टिटवीने चोचीने गाठ आवळली, उजवीकडून. मग ती गेली. अंधार पडल्यावर वटवाघूळ आली. तिने वेल चाचपली, रिकामी. हातात बी घेऊन ती खाटेच्या पायथ्याशी आली आणि तिचा पाय शेपटीत अडकला. तिने गाठ चाचपून पाहिली, क्षणभर विचार केला आणि बी परत डबीत ठेवली. पहाटे महाराजांचं पोट साफ झालं. शिंगं वेगळी मोजून घेण्यात आली.

तुम्हाला वाटेल, आता टिटवीचा सत्कार होईल. झाला तो खटला.

"महाराज," दरबारात सरडा म्हणाला. तो त्या दिवशी पिवळा होता आणि अंगावर काळे पट्टे होते. "आपला जीव कशाने वाचला? गाठीने. गाठ कुणाची? माझी. म्हणजे आपला जीव मी वाचवला. या बाईने फक्त चोरी केली."

दरबाराला हे पटलं. पोपटाने तर ते दोनदा म्हणून दाखवलं.

"साहेब, गाठ मीच तुम्हाला शिकवली होती ना?" टिटवीने विचारलं.

"त्याची नोंद आहे का?"

टिटवीकडे जंगलातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद होती. स्वतःची तेवढी नव्हती.

"बरं, ही शेपटीची गाठ तरी सोडा आता," महाराज म्हणाले.

"शेपूट आपली, महाराज, पण गाठ माझी," सरडा अदबीने म्हणाला. "सोडण्यासाठी अर्ज करावा. मी लवकर पाहीन."

महाराज अकरा दिवस तशीच शेपूट घेऊन हिंडले.

सरड्याला 'राजजीवरक्षक' ही पदवी मिळाली. टिटवी अज्ञानी आहे असं ठरवून तिला माफ करण्यात आलं आणि 'गाठ कशी मारावी' या शिबिराला पाठवण्यात आलं. शिकवायला अर्थातच सरडा होता. तो डावीकडून गाठ मारायचा आणि ती सुटायची. शेवटी परीक्षा झाली.

"गाठ का मारतात?" सरड्याने विचारलं.

"वटवाघळीने दुसऱ्यांदा औषध देऊ नये म्हणून," टिटवी म्हणाली.

"चूक. ती नोंदणीकृत आहे म्हणून."

टिटवी नापास झाली. एकटा अजगर उत्तीर्ण झाला. तो शिबिरभर झोपला होता आणि झोपेत त्याची स्वतःचीच गाठ पडली होती. सरड्याने त्याला पूर्ण गुण दिले आणि वॉर्डात नेमलं. पहिल्याच आठवड्यात दोन ससे आणि एक भेकर बरे होऊन घरी गेले, असं अहवालात आहे. घरचे अजून वाट पाहताहेत.

टिटवीची बदली नदीकाठी पट्ट्या धुवायला झाली. तिला फार वाईट वाटायचं. बदलीचं नव्हे, सशांचं. पट्ट्या धुताना ती मोठ्याने ओरडून घ्यायची. तिथे कुणाची झोपमोड होत नव्हती.

एके दिवशी पाहते तो वाघमहाराज गाल धरून पाणवठ्यावर उभे.

"सिस्टर, दाढ दुखतेय."

"दवाखान्यात जा ना, महाराज."

"तिथे अजगर आहे."

"तो उत्तीर्ण आहे. मी नापास."

"म्हणून तर इकडे आलो," महाराज म्हणाले.

टिटवीने अक्कलकाढ्याचं मूळ त्यांच्या दाढेखाली ठेवलं. "आता रात्रीपर्यंत दुसरं घ्यायचं नाही," ती म्हणाली. "वटवाघूळ सिस्टर अंधार पडल्यावर याच वाटेने कामाला जाते. ती पाहील."

महाराजांनी पाठ फिरवली आणि शेपूट पुढे केली. मग इकडेतिकडे पाहून ते हळूच म्हणाले, "मार गाठ. पण जरा या झुडपाआड ये. सरड्याने पाहिलं, तर माझी धडगत नाही."

तात्पर्य : रुग्णाची माहिती पूर्ण सुरक्षित तेव्हाच होते, जेव्हा ती सिस्टरकडे राहत नाही आणि रुग्णही राहत नाही. म्हणून मुलांनो, उद्या तुमच्या आईने काही आठवावं म्हणून पदराला गाठ मारलेली दिसली, तर तिला आधी विचारा, की बाई गं, सरड्याला विचारलंस का?