हा बरा, की हा?

"हा बरा, की हा?" चष्मेवाल्याने विचारलं आणि पायाने पेडल दाबलं.

"हा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आणि आता? हा, की मघाचा?"

"मघाचा."

"मघाचा म्हणजे पहिला, की पहिल्यानंतरचा?"

"अहो, मला दोन्ही मिक्सरच्या भांड्यात चमचा राहिल्यासारखे वाटतायत. जो लवकर संपेल तो बरा."

चष्मेवाला खचून स्टुलावर बसला. मांडीवर गिटार, पायाशी चार पेडलं. पेडल म्हणजे लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून नेली की गोड आवाज आत जातो आणि फाटून बाहेर येतो. हेवी मेटल वाजवायचं तर आवाज फाटायलाच हवा. पण कापड फाडणं वेगळं आणि रेघेवर कापणं वेगळं. चष्मेवाल्याला रेघेवर फाटलेला आवाज हवा होता, आणि पावणेदोन वर्षांत तो एकदाही हाती लागला नव्हता.

तसा तो निवडानिवडीतला मुरलेला माणूस. चष्म्यांच्या दुकानात बावीस वर्षं त्याने तेच केलं होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "ही बरी, की ही?" काही गिऱ्हाइकं फार छळायची. ही पण बरी, ती पण बरी, मघाची परत दाखवा. अशा वेळी चष्मेवाला गुपचूप शून्य नंबरची काच घालायचा. शून्य नंबर म्हणजे खिडकीची काच, घातली काय, न घातली काय. आणि गिऱ्हाइक हमखास ओरडायचं, "हां! ही! आता कसं लख्ख!" मग चष्मेवाला "एक मिनिट हं" म्हणून कपाटामागे जायचा, रुमाल तोंडात कोंबून पोटभर हसायचा, आणि गंभीर चेहऱ्याने परत येऊन खरा नंबर काढून द्यायचा.

दुकान असं, आणि रविवारची दुपार बँडची. तालीम दातांच्या दवाखान्यात चाले, कारण ड्रम डॉक्टरांचे. आठवडाभर लोकांच्या दाढांशी हलक्या हाताने वागायचं म्हणून साठलेला सगळा जोर ते रविवारी ड्रमवर काढत. गायचे पीटीचे सर. मैदानावर पंचवीस वर्षं ओरडून त्यांचा घसा असा झाला होता, की हेवी मेटल सोडून त्यांना दुसरं काही गाताच आलं नसतं. बेस गिटार वाजवायचा लिफ्टवाला. तो लिफ्टी दुरुस्त करायचा आणि 'वर' नि 'खाली' यांच्या पलीकडे फारसं बोलायचा नाही.

मागच्या रविवारी मात्र सर बोलले होते.

"चष्मे, राग मानू नकोस. तुझा टोन म्हणजे चिखल आहे, चिखल! तू वाजवलंस की माझा आवाज त्यात रुततो."

"मला माझा ड्रम ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले.

लिफ्टवाल्याने नुसता अंगठा खाली केला.

"तीन आठवड्यांनी दुकानदार संघटनेचं संमेलन," सर म्हणाले. "आपल्याला एक गाणं मिळालंय. तिथेही चिखल झाला, तर आपण डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला घेऊ. पोरगी एकाच पेडलवर काय वाजवते, ऐकलंयस? एकाच!"

ते "एकाच" चष्मेवाल्याच्या काळजात रुतलं. आयुष्यभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून राबलो, त्या बदल्यात आठवड्यातली एक दुपार माझी. तीही जाणार म्हणजे रविवारी दुपारी करायचं काय? सोमवारची वाट बघायची?

पण खरं घोडं पेंड खात होतं ते पेडलांतच. पहिलं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारं पेडल आणलं तेव्हा आवाज जाड झाला, पण ढिला. ओली गादी जिन्यावरून ओढल्यासारखा. वाद्यांच्या दुकानातला विक्रेता म्हणाला, "काका, याच्याआधी एक ओव्हरड्राइव्ह लावा, हलकं फाडणारं पेडल. त्याचा गेन, म्हणजे फाडायचा जोर, शून्यावर, व्हॉल्यूम पुरा. आवाज आवळला जातो." लावलं. आवळला गेला, पण इतका, की शेजारच्यांचा कुत्रा पलंगाखालून निघेना. मग तीक्ष्णपणा कापायला इक्वलायझर आला. त्यात चष्मेवाल्याने मधले सूर खाली आणले, वरचे-खालचे चढवले. घरात असा आवाज लागला, असा लागला, की कपाटातल्या बशा नाचल्या! तालमीत मात्र तोच आवाज कुठे गेला कळेना. घरात वाघ, बँडमध्ये मांजर. मग पोकळी भरायला दुसरं डिस्टॉर्शन आणलं, आणि पुन्हा चिखल. आगीतून फुफाट्यात.

आता चार पेडलं म्हणजे कुठलं आधी नि कुठलं नंतर, याच्या चोवीस तऱ्हा. चष्मेवाला पद्धतशीर माणूस. त्याने दुकानातले नंबर लिहायचे कागद आणले आणि 'उजवा डोळा' खाली पेडलांचा क्रम, 'डावा डोळा' खाली बायकोचं मत असं लिहायला घेतलं. दोन दिवस खपून एक क्रम बिनविरोध निवडून आला. मग कळलं, की दुसऱ्या डिस्टॉर्शनची बॅटरी परवाच संपली होती. ते दाबलं काय, न दाबलं काय, आवाजात तसूभर फरक पडत नव्हता.

"अगं, मग तू 'हा बरा, मघाचा वाईट' कशावरून सांगत होतीस?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

चष्मेवाल्याने चोवीस कागद फाडले. नव्या बॅटऱ्या घातल्या, तर चारही पेडलं मिळून सापासारखी फुसफुसायला लागली. गिटारला हात न लावताही स्पीकरमधून 'श्श्श्श' सुरू. विक्रेत्याला फोन केला.

"काका, गेट घ्या. नॉइज गेट."

"ते काय करतं?"

"दारावरचा वॉचमन समजा. आवाज ठरावीक पातळीच्या खाली असला की दार बंद. फुसफुस बाहेरच येत नाही. पातळी किती ठेवायची, ते बटण तुमच्या हातात."

तेच तर वाईट झालं.

संमेलनाच्या संध्याकाळी चष्मेवाला पाच पेडलं घेऊन हॉलवर पोचला. पेडलं त्याने दुकानातल्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यावर पक्की चिकटवली होती. सगळ्यांत मोठ्या अक्षरावर डिस्टॉर्शन, सगळ्यांत बारीक ओळीवर गेट. रिसेप्शनिस्ट पहिल्या रांगेत बसली होती. "काका, ऑल द बेस्ट!" तिने हात हलवला. तिच्या मांडीवर गिटारची पिशवी होती. चष्मेवाला तडक सरांकडे वळला.

"ती गिटार घेऊन का आलीय?" त्याने सरांना विचारलं.

"असावी जवळ," सर म्हणाले.

पडदा उघडला, रंगीत दिवे लागले, आणि दिव्यांबरोबर स्पीकरमधून 'घुंऽऽऽ' सुरू झालं. एरवीची फुसफुस परवडली. हा तर पंप सुरू झाल्यासारखा आवाज. संघटनेच्या अध्यक्षांनी कानात बोटं घातली. डॉक्टर मागून दात खाऊन म्हणाले, "चष्मे, आवर ते!" चष्मेवाला वाकला. गेटचं बटण थोडं फिरवलं. घुंऽ. अजून फिरवलं. घुं. मग त्याने ते फिरेल तितकं फिरवलं.

शांतता. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या पेडलांतून इतकी निर्मळ शांतता आली होती. त्याला भरून आलं.

"एक, दोन, एक-दोन-तीन-चार!"

डॉक्टरांनी ड्रमवर जे घाव घातले, त्यात चष्मेवाल्याला स्वतःचा श्वासही ऐकू येईना. तो जीव तोडून वाजवत होता. सर गर्जत होते, बेस जमिनीतून पायात चढत होता. वा, कसं घट्ट वाजतंय, चिखलाचं नाव नाही, असं त्याला वाटलं. त्याने मान झटकायला सुरुवात केली. मग ती जागा आली. गाण्याच्या मधोमध सगळे एकदम थांबायचे आणि एकट्या गिटारने चार घाव घालायचे.

सगळे थांबले. चष्मेवाल्याने हात वर नेला आणि दाणकन खाली आणला.

काही नाही.

मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन थरथरला, तो अख्ख्या हॉलला ऐकू आला.

त्याने दुसरा घाव घातला. तिसरा. चष्म्यामागे त्याचे डोळे हे एवढे झाले. घाम कपाळावरून निघून नाकाच्या टोकाशी येऊन थांबला. गेट! वॉचमनने फुसफुशीबरोबर मालकालाही बाहेर ठेवलं होतं. चौथा घाव गेला आणि सरांनी घाबरून, ती शांतता बुजवायला, आयुष्यात दिली नव्हती अशी आरोळी ठोकली. हॉल शहारला. टाळ्यांचा कडकडाट!

चष्मेवाला गुडघ्यांवर कोसळला. लोकांना वाटलं, अंगात आलं. तो बिचारा बटण शोधत होता. पण स्टेजवर धूर सोडलेला, त्यातून घामाने चष्मा घसरून पडलेला. दुसऱ्यांना नंबर काढून देणारा माणूस पाच पेडलांवर आंधळ्यासारखा हात फिरवत होता. एक बटण सापडलं, फिरवलं. ते इक्वलायझरचं निघालं. दुसरं सापडेपर्यंत गाणं संपलं. तो तसाच, गुडघ्यांवर, मान खाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

संपलं सगळं, चष्मेवाला मनात म्हणाला. आता ती पोरगी पिशवीची चेन उघडेल.

पडद्यामागे सरांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"चष्मे! कुठे लपवला होतास हा टोन? आणि तो मधला पॉज! माझ्या अंगावर काटा आला. हे सुचतं कसं रे?"

"सर, खरं सांगू का, मी आज..."

"काही सांगू नकोस. तुझं तोंड उघडलं की तू सेटिंग बदलतोस!"

"आज मला माझा ड्रम ऐकू आला," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "प्रत्येक घाव. तुझा टोन कसा, आहे पण मध्ये येत नाही."

आणि लिफ्टवाला, जो पावणेदोन वर्षांत एक अख्खं वाक्य बोलला नव्हता, तो म्हणाला, "मी बेस वाजवतो, हे मला आज कळलं."

चष्मेवाल्याने पडद्यामागे आलेल्या बायकोकडे आशेने पाहिलं. पावणेदोन वर्षं हा आवाज ऐकलेलं घरातलं एकच माणूस. ती तरी ओळखेल.

"सगळ्यांत हा बरा," बायको म्हणाली. "काहीतरी कमी होतं, पण काय ते कळेना. आणि बरं वाटत होतं."

साउंडवाला वायरी गुंडाळत जवळून गेला. चष्मेवाल्याने त्याचा हात धरला. "काय हो, माझा आवाज..."

"गाणं सुरू झाल्यापासून तुमच्या चॅनेलवर काहीच आलं नाही," साउंडवाला हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही नाचायला आहात."

पुढच्या रविवारी चष्मेवाला मनाचा हिय्या करून तालमीला गेला. खरं सांगायचं, मग काढलं तर काढलं. पण दवाखान्यात शिरतो तो डॉक्टर हातमोजे घालून, दिवा डोक्यावर ओढून बसलेले. त्यांनी तक्ता त्याच्या हातून घेतला, पेशंटच्या खुर्चीवर ठेवला आणि बारीक चमच्याने प्रत्येक बटणाच्या बुडाशी पांढरं सिमेंट भरायला लागले.

"अहो डॉक्टर! हे काय?"

"दाढेचं सिमेंट. संमेलनात होतं तेच सेटिंग, कायमचं. तुझा हात स्वस्थ बसत नाही."

"पण गेट... ते गेट तरी सोडा!"

"त्याला तर दोन थर दिलेत. पायाने दाबायचं बटणही सोडलं नाही." डॉक्टरांनी सिमेंट घट्ट करणारा निळा दिवा प्रत्येक बटणावर तीस-तीस सेकंद धरला. "दाढ हलेल, हे हलायचं नाही."

"आणि आनंदाची बातमी," सर म्हणाले. "तुझ्या या नव्या टोनमध्ये जागा इतकी आहे, की दुसरी गिटार आरामात मावते. हिलाही घेतलंय."

रिसेप्शनिस्टने आपलं एकुलतं एक पेडल जमिनीवर ठेवलं. काळं, कोपरे घासलेलं, एका बटणाच्या जागी पेनचं टोपण. तिने एकदाच दाबलं आणि एक सूर वाजवला. रेघेवर फाटलेला.

चष्मेवाल्याने डोळे मिटले. हाच. पावणेदोन वर्षं हाच.

"बघ," सर त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तू बँडमध्ये असलास की सगळ्यांचं कसं खुलतं! तू आता जन्मभर आमचा."

सोमवारी दुकानात एक आजोबा आले. तासभर त्यांनी प्रत्येक काचेला नाक मुरडलं. ही धूसर, ती तिरपी, मघाची परत दाखवा. शेवटी चष्मेवाल्याच्या हाताने सवयीने शून्य नंबरची काच उचलली.

"हां! हीच!" आजोबा ओरडले. "आता कसं लख्ख!"

"एक मिनिट हं," चष्मेवाला म्हणाला आणि कपाटामागे गेला. रुमाल काढला. तोंडाशी नेला. बराच वेळ उभा राहिला, पण हसू येईना. मग त्याने त्याच रुमालाने चष्मा पुसला आणि बाहेर आला.

"कुठला हो नंबर हा?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, हा नंबर सापडायला मला पावणेदोन वर्षं आणि पाच पेडलं लागली."

आजोबांना पेडलांचं काही कळलं नाही. पण त्यांनी समाधानाने मान हलवली.

"तरीच!"