धुळीचा बंदोबस्त

धूळ आत जाते ती भोकांतून. मग भोकंच बंद केली तर? इतका सरळ विचार आजवर कुणाला कसा सुचला नाही, याचं मला मनापासून नवल वाटलं. (आता वाटत नाही.)

आमच्याकडे एक जुनाट डेस्कटॉप आहे. मी त्याला आजोबा म्हणतो, कारण चालू केला की आधी खाकरतो, मग घरघरत बसतो. पण बायकोच्या भरतकामाच्या मशीनला डिझाइनं पुरवणारं सॉफ्टवेअर फक्त याच्यावरच चालतं. तिची इतक्या वर्षांची सगळी डिझाइनं याच्याच पोटात. नवा कॉम्प्युटर त्यांना ओळखसुद्धा दाखवत नाही.

तर रविवारी बायको बाहेर गेल्याचं पाहून मी आजोबांच्या पाठीवरची, कुशीवरची यच्चयावत भोकं खाकी चिकटपट्टीने बंद करून टाकली. (स्वतःची स्तुती करू नये, पण काम झकास झालं होतं.)

सोमवारी संध्याकाळी बायको शाळेच्या बिल्ल्याचं डिझाइन करायला बसली. नमुना सकाळी द्यायचा होता. पसंत पडला तर वर्षभराचं काम! थोड्याच वेळात पडदा काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा.

"अहो, हा केवढा तापलाय! हात लावून बघा."

"वय झालं त्याचं," मी म्हणालो.

"माझी डिझाइनं गेली तर मी काय करू हो?" तिचे डोळे भरून आले.

मी कंबर कसली. टेबलफॅन समोर लावला, तर तिचे रेशमाचे धागे घरभर. ओल्या टॉवेलची घडी घेऊन निघालो, तर ती किंचाळली, "आता पट्ट्या ठेवून ताप उतरवणार का त्याचा?"

शेवटी तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आपल्या भावाला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला.

"भावोजी, आतला पंखा फिरतोय?"

"फिरतोय की! नुसता भणाणतोय."

"मागे हात धरा. गरम हवा बाहेर येतेय?"

"छे! येईल कशी? एक भोक उघडं ठेवलं असेल तर शपथ!"

मेहुण्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "भावोजी, ताई जवळपास आहे का?"

ताई जवळच होती. फोन स्पीकरवर होता.

तिने टर्रकन सगळ्या पट्ट्या ओढून काढल्या. आजोबांना निवू दिलं. बटण दाबलं तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून उभे. आजोबा खाकरले, घरघरले आणि पडदा उजळला.

"आहेत हो! सगळी आहेत!" म्हणत ती मटकन खुर्चीत बसली. माझा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात ती मला बोलायचंही विसरली. (असं मला वाटलं.)

सकाळी ती शाळेत जाऊन हसतच परतली.

"बिल्ला पसंत पडला. शिवाय मशीन तपासायला काढलेला एक तुकडा चुकून पिशवीत गेला होता. संगणक शिकवणाऱ्या बाईंना मी त्यामागची हकिगत सांगितली, तर त्यांना तो फारच आवडला. तसले आणखी हवेत म्हणाल्या."

"कसला तुकडा?"

तिने दाखवला. माझा चेहरा, चष्मा-मिशांसकट हुबेहूब, आणि त्यावर ठसठशीत लाल फुली.

त्या शाळेच्या संगणकवर्गात सध्या प्रत्येक कॉम्प्युटरवर मी आहे.