दाजींच्या तेलात दम नव्हता

लग्नाच्या मांडवात आमचे दाजी नवरा-नवरीकडे बघायच्या आधी वऱ्हाडाच्या डोक्यांचा वास घ्यायचे. "हे खोबरेल. थंडीत गोठतंय. आपल्या कामाचं न्हाई," असं एखाद्या व्याह्याच्या टाळूवरून नाक उचलत जाहीर करायचे. व्याही रागवायचे, पोरं हसायची, आणि मी त्यांचा सख्खा मेव्हणा असून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचो.

दाजींना तेल हवं असायचं ते इंजिनासाठी. वडीगोद्रीला त्यांची पिठाची गिरणी. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात आणलेलं विलायती ऑइल इंजिन ती चालवायचं. पुढे डिझेल महागलं, पंपावर वेळेवर मिळेनासंही झालं, आणि गावात विजेच्या गिरण्या आल्या. दाजी डगमगले नाहीत. "लाइट म्हंजी सरकारची मर्जी. तेल म्हंजी झाडाची. झाड कधी संपावर गेलंय का?"

लाइट गेली की बायका त्यांच्याकडेच यायच्या. एकदा त्यांनी सरकीच्या तेलावर दळण काढलं, तर पिठाला धुराचा वास.

"दाजी, ही भाकर खायची का देवापुढं लावायची?" शेजारच्या सखूबाईंनी विचारलं.

"खा बिनधास्त. पोटात उजेड पडंल."

मग आक्का, म्हणजे माझी बहीण, गेली, आणि त्यानंतर इंजिन चालूच होईना. "तेलात दम न्हाई," दाजी म्हणायचे. करडई झाली, शेंगदाणा झाला, मोहाचं झालं. एकटेच हँडल मारायचे; इंजिन दोन ढेकर देऊन गप्प. कुणी मदतीला गेलं की, "हात लावू नका, बिघडंल!"

एकदा हँडल उलटं फिरून त्यांचं मनगट सुजलं. तेव्हा त्यांचा मुलगा, माझा भाचा विलास, इंजिन विकायचं म्हणून जालन्याच्या भंगारवाल्याशी बोलून आला. त्याचंही काही चुकत नव्हतं.

"मामा, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकून न्हाई राह्यले."

मी हो म्हणालो. हो म्हणणं मला नेहमीच सोपं जातं. निस्तरताना घाम फुटतो. बदनापूरहून वडीगोद्रीला निघालो. बहिणीच्या घरची वस्तू मोडीत घालायला मीच चाललो होतो.

गिरणीत दाजी करंजाचं तेल चुलीवर कोमट करत बसले होते. "पाव्हणे, बराबर वेळेला आलात. घ्या, वास घ्या."

घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"दाजी, दुपारी टेम्पो येतोय."

"म्हाइत हाय. त्याच्या आधी चालू झालं तर कसं नेतील? चालू इंजिन कुणी भंगारात न्हेतं व्हय?"

"आणि नाही झालं तर?"

दाजींनी चुलीतलं लाकूड उगीच पुढे सारलं.

मग त्यांनी तेल ओतलं आणि हँडल धरलं. चाक गरगरलं, थांबलं. पुन्हा मारलं, पुन्हा थांबलं. दाजींना धाप लागली होती. माझा एक डोळा रस्त्याकडे, एक त्यांच्या मनगटाकडे. तेव्हा मला दिसलं, की दर वेळी ते हँडल सोडून इंजिनाच्या माथ्यावरच्या एका खटक्याकडे धावतात, आणि पोचेपर्यंत चाकाचा जोर सरतो.

"दाजी, हा खटका पूर्वी कोण सोडायचं?"

ते हँडल पुसत राहिले. "चाकाला वेग आला की सोडावा लागतोय. मारणाऱ्याचा हात पोचत न्हाई."

"मग इतके दिवस तेलं कशाला बदलत होतात?"

"दम नव्हता तेलात," दाजी भिंतीकडे बघत म्हणाले.

मी पुढे होऊन खटक्यावर हात ठेवला. आता हाकलतील, असं वाटलं. हाकललं नाही. "मी सांगंल तवा. आधी न्हाई," एवढंच म्हणाले.

चाक फिरू लागलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चाकाचा वेग वाढला, आणखी वाढला, आणि दाजी ओरडले,

"द्वारके, सोड!"

द्वारका माझ्या आक्काचं नाव. दाजी तिला कायम 'अगं' म्हणायचे. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी खटका सोडला. इंजिन एकदा दचकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडू लागलं. दाजी माझ्याकडे न बघता जात्याचा पट्टा चढवायला गेले.

"पाव्हणे, भाईर कोण हाय ते बघा!"

टेम्पोवाल्याला परत पाठवायचं होतं. पण खटक्यावरचा हात मला लगेच काढवेना.