सेतुमामांची ‘पोली’

आमच्या गल्लीत शिरलात की सेतुमामा आपलं डावं मनगट तुमच्या नाकाखाली धरणार. ओळख असो वा नसो. पोस्टमन, गॅसवाला, देवळाची वाट विचारणारा परगावचा माणूस, कुणाचीच सुटका नाही. मनगटावर फिकट-काळपट मण्यांची जुनी माळ, दोन वेढे घातलेली. “सांग, वास येतो? कसला येतो?” पोस्टमन “छान येतो” म्हणत सायकलवर टांग टाकतो, तर मामा मागून म्हणतात, “पोली.”

पोली म्हणजे तमिळमध्ये खोटा, बनावट माल. कुंभकोणमला आम्ही मराठी माणसं घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. मामांच्या तोंडात दोन्ही एकदमच. एकदा पुण्याकडच्या यात्रेकरूंची बस आली होती. त्यातल्या एक बाई देवळाबाहेर काळ्या मण्यांची माळ घेत होत्या. मामा मध्ये पडले, “बाई, घेऊं नका. पोली आहे, बहुत पोली.” बाईंना वाटलं, म्हातारा भुकेला आहे. त्यांनी डबा उघडून गुळपोळी पुढे केली. मामांनी ती उभ्या उभ्या खाल्ली, तोंड पुसलं आणि म्हणाले, “ही खरी. ती पोली.” बाई शेजारणीला म्हणाल्या, “कीर्तनकार दिसतात, बोलणं बघ किती जुनं.” माळ मात्र त्यांनी घेतलीच. मामा आठवडाभर धुमसत होते. “पोळी देऊन गेली आणि पोली घेऊन गेली.”

लोक हसायचे. मीही हसायचो. त्याचा आज मला राग येतो, म्हणून हे लिहितोय.

मामांशी आमचं नातं शिलाई मशीनचं. माझे अप्पा शिंपी, त्यांच्याकडे एकच मशीन होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. एका खोलीत आम्ही पाच जण. मशीन आत घेतलं की कुणीतरी बाहेर जायचं. मामांनी न मागता आपला ओटा दिला. ऐप्पसी महिन्याच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात अम्मा एका हाताने मशीनवर छत्री धरायची, दुसऱ्या हाताने ब्लाउजांचे हुक लावायची. आमच्या घरात आठवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी त्याच ओट्यावर, चिंध्यांच्या ढिगाला टेकून, उसन्या पुस्तकांतून केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालो. हे मी अभिमानाने सांगतो, आणि कमीपणाने सांगावं असं त्यात काही नाही.

पदवीचा कागद आला तेव्हा गल्ली गोळा झाली. मामांनी तो उजेडात धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. “शिक्का दाबलेला आहे. पोली न्हवे.” अप्पांनी तो लॅमिनेट करून मशीनसमोर टांगला.

मामा जन्मभर एका गावठी औषधांच्या दुकानात तराजूवर होते. चंदन, वेखंड, अगराचं सुवासिक लाकूड, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. त्यांचे खापरपणजोबा म्हणे तंजावरच्या राजवाड्यात अगर-अत्तराच्या कोठीवर होते. दुकानातले लोक मामांना ‘नाकवाले रायर’ म्हणत. आमच्याकडे मराठी ब्राह्मणाला तमिळ माणसं रायरच म्हणतात.

तर मला नोकरी लागली ती नेमकी अगराच्या दागिन्यांच्या दुकानात. मोठ्या रस्त्यावर, काचेचं दार, आत गारवा. अगराच्या माळा, कडी, चांदीच्या टोपणांची कर्णफुलं. प्रत्येक डबीत एक प्रमाणपत्र, ‘नैसर्गिक अगर’, आणि खाली सही: पांडुरंगन, बी.एस्सी. मुदलाळीला, म्हणजे मालकाला, माझी पदवीच हवी होती. माल बंद पेट्यांतून यायचा, मी सही करायचो. आमचं नाव छापून येतंय यातच मी खूश. अप्पा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, “मुलाच्या सहीशिवाय तिथे एक मणी हलत नाही.”

एका शुक्रवारी, दुकान भरलेलं असताना, सेतुमामा धोतर सावरत आत आले. त्यांनी एक माळ हातात घेतली, वजन पाहिलं आणि मला म्हणाले, “एक पेला गरम पाणी आण.” वाटलं, तहान लागली असेल. मी आणलं. मामांनी माळ पेल्यात सोडली. ती तळाशी गेली.

“बघा, बुडाली,” मुदलाळी गिऱ्हाइकांना म्हणाला. “खरं अगर पाण्यात बुडतं.”

“दगडही बुडतो,” मामा म्हणाले. “थांब अंमळ.”

थोड्या वेळात पाणी तपकिरी झालं आणि वर तेलाचा तवंग आला. मामांनी पेला माझ्या हातात दिला. “पांडू, तुझी डिग्री ही काय? आमच्या गावची डिग्री कॉफी जाहली की रे.”

दुकान हसलं. माझे कान तापले. कुंभकोणमची डिग्री कॉफी जगात प्रसिद्ध, पण माझी डिग्री त्या पेल्यात ओतलेली मला नको होती.

मामा थांबले नाहीत. “झाडास जखम जाहली, कीड लागली, की झाड आपल्या आंगचा रस आणून ती भरतं. वर्षं लागतात. त्या भरल्या जखमेचं नाव अगर. कोणी मुद्दाम भोकं पाडून आत बुरशी सोडतात. चालेल, घाई आहे, पण रस झाडाचाच. आणि हे? साधं लाकूड, यंत्रात दाबून तेल पाजलेलं. म्हणून जड. म्हणून सगळे मणी जुळ्यांसारखे काळे. खऱ्या अगराचे दोन मणी सारखे नसतात. एकावर रेघ दाट, दुजा फिका. आणि वास असा दारापर्यंत दंगा करत येत नाही.”

मुदलाळी मुरलेला माणूस. त्याने दोन माळा काउंटरवर ठेवल्या. “रायर, तुम्ही नाकवाले ना? हुंगून सांगा, खरी कोणती.”

मामा माळांकडे नुसते बघत राहिले. “नाकाचं काय,” ते म्हणाले, “नाक फसतं.”

“रायरांचं नाक गेलं,” मुदलाळी म्हणाला, आणि दुकान पुन्हा हसलं. मामा दाराकडे वळले. काचेचं दार त्यांना उघडेना. आत ओढायचं ते बाहेर ढकलत होते. मी जागचा हललो नाही. मला त्यांचाच राग आला होता. चारचौघांत माझी पदवी धुतली आणि साधा वास घ्यायला नाक वर. पेला मी मोरीत ओतला. रंग डोळ्यांनी बघितला होता, तरी सोमवारी पुन्हा सह्या केल्या. हेही लिहून ठेवतो.

पंधरा दिवसांनी तिरुभुवनमची एक विणकरीण अप्पांकडे आली. मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज, त्यांच्याच मागावरच्या रेशमाचा, अप्पांनीच शिवलेला. गळ्याभोवती तपकिरी डागांचं कडं. माळ घालून मुलगी दोन तास घामात बसली होती. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी डबीतला कागद काढून मशीनवर ठेवला. “बी.एस्सी. झालेल्याची सही होती, म्हणून घेतली.”

अप्पांना फार वाचता येत नाही. माझं नाव तेवढं येतं. ते त्यांनी वाचलं. मग एवढंच म्हणाले, “हा डाग धुतल्याने जाणार नाही. गळा नवा लावावा लागेल.” आणि कात्री घेतली.

मी आत मामांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. आवाज चढवूनच बोललो, “मामा, तुम्हाला माहीत होतं, तर त्या दिवशी हुंगलं का नाही? माझी तरी खात्री पटली असती.”

मामांनी नेहमीप्रमाणे मनगट पुढे केलं. “सांग, वास येतो?”

“येतो की,” मी रागातच म्हणालो.

“पोली,” मामा म्हणाले. “तू श्वास घेतलाच नाहीस.”

मग पहिल्यांदा मी वाकून नीट वास घेतला. आधी काहीच नाही. मग हळू, कातडीच्या उबेबरोबर वर येणारं काहीतरी. “जुन्या लाकडी पेटीत मध सांडल्यासारखा,” मी म्हणालो. “मागे थोडा कडू. धुरासारखा.”

मामांनी डोळे मिटले.

“तुझ्या मामीची माळ. तीस वर्षं तिच्या गळ्यात होती. खऱ्या अगरास आंग लागतं रे. पेटीत ठेवलं तर गप्प राहतं, उबेस आलं की बोलतं. म्हणून मी घालतो. पण त्या तापात, जेव्हां घरोघर तोच ताप होता, ती गेली आणि माझं नाकही गेलं. कॉफीचाही वास येत नाही. मुदलाळी खरंच बोलला. वास आहे का उडाला, हें मज कसं कळावं? विचारलं तर सगळे येतो येतो म्हणतात. तुझी अम्मादेखील. ती दयेनं म्हणते. पण पोली ती पोलीच.”

इतकी वर्षं आम्ही ज्याला खोड म्हणून हसत होतो, तो साधा प्रश्न होता. आणि अख्ख्या गल्लीत एकानेही त्याचं खरं उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ब्लाउजचा कापलेला गळा मुदलाळीच्या टेबलावर ठेवला. “यापुढे खोट्यावर सही नाही,” म्हणालो. तो ओरडला, मग तो तपकिरी डाग बघून म्हणाला, “बरं, दोन पेट्या कर.” तिरुभुवनमचे रेशीमवाले बोलू लागले तर या गावात दुकान चालत नाही, हे त्यालाही कळत होतं.

आता दुकानात दोन काचपेट्या आहेत. मोठीवर पाटी आहे, ‘तेल मुरवलेलं लाकूड’. लहानीत सातच माळा, एकीचेही दोन मणी सारखे नाहीत, आणि पाटी ‘अगर’. दोन्ही पाट्यांखाली सही माझी. कामावर जाताना मी ओट्यावर थांबतो, मामांच्या मनगटावर वाकतो, श्वास घेतो आणि जे असेल ते सांगतो. परवा म्हणालो, “मामा, आज कालच्यापेक्षा कमी आहे.”

“बरं,” मामा म्हणाले, आणि उबेसाठी माळेवर दुसरा हात ठेवला.