जानकीबाईंचं पायदान

जानकीबाईंच्या भावाला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. लाखांदूरहून भोजराजचं पोस्टकार्ड आलं. बारसं येत्या गुरुवारी दुपारी बाराला, आणि आत्या आल्याशिवाय पाळणा हलणार नाही. एकुलती एक आत्या म्हणजे जानकीबाई. त्यांनी ते कार्ड नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं, ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं आणि जाहीर केलं, "मी बुधवारच्या यष्टीनं जातो अन् रविवारी वापस येतो."

पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला. कोंढ्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून ते सुताचा नंबर सांगत. पण चुलीपुढे त्यांचं ज्ञान संपे. दोन्ही मुलं नागपूरला शिकायला. मागे एकदा बायको माहेरी राहिली, तेव्हा त्यांनी तीन दिवस मुरमुऱ्यांवर काढले होते आणि चौथ्या दिवशी भात मांडायला जाऊन पातेलं जाळलं होतं.

"यष्टी कायले?" ते घाईनं म्हणाले. "फटफटीनं जाऊ ना! सकाळी निंगू, बारसं करू, सांजेले घरी."

"नाई बापा. त्या फटफटीवर नाई बसत मी. एका पायाले जागा, दुसरा वाऱ्यावर. मागच्या खेपेले भंडाऱ्याले उतरली तं पायच नव्हते मले. दवाखान्याच्या फाटकात मटकन बसली. दोघं जन उचलाले धावले."

यात खोटं काही नव्हतं. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी त्या गाडीला नुसती बोटभर दांडी होती. पुंडलिकराव रात्रभर विचार करत राहिले आणि सकाळी गाडी ढकलत गोमाजीकडे गेले.

गोमाजी गावातला वेल्डर. लोखंडी फाटकं, नांगर, पाण्याच्या टाक्या, त्याला काहीही चालायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनीचे दोनी पाय मावले पाह्यजे ना? वजन किती हाये वहिनीचं?"

"तुले काय करायचं हाये?"

"मजबुतीसाठी इचारून राहिलो जी."

बुधवारी दुपारी पायदान तयार झालं. दीड फूट लांब, वीतभर रुंद, घसरू नये म्हणून वर आडव्या रेघा पाडलेल्या, आणि डाव्या अंगाला गाडीच्या सांगाड्यालाच वेल्डिंगनं पक्कं केलेलं. गोमाजी स्वतः त्यावर उभा राहून नाचला. "म्हैस उभी करा, वाकनार नाई. रंग वला हाये, ढकलत न्या."

जानकीबाईंनी अंगणातच गाडीवर बसून पाहिलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी, पाटावर ठेवल्यासारखे. "अगाई!" त्या म्हणाल्या. "हे तं लय बेस झालं." पुंडलिकरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी बुधवारची यष्टी फाट्यावरून जाताना तिला हात केला.

गुरुवारी नऊ वाजता दोघंही नवे कपडे घालून बाहेर आले. पुंडलिकरावांनी किक मारली. खट्ट! पुन्हा मारली. खट्ट! वाकून पाहिलं. किक डाव्या अंगाला, पायदानही डाव्या अंगाला. किक चार बोटं खाली यायची आणि पायदानावर आपटायची. म्हैस उभी राहिली तरी न वाकणारं लोखंड किकसाठी वाकणार नव्हतं.

गोमाजीला बोलावलं. त्यानं चारदा किक दाबून पाहिली आणि मान हलवली. "बरोबर हाये. अडते."

"अडते ते मलेबी दिसते. काप ना आता!"

"लाइन कुठी हाये? सकाळपासून गेली हाये. आरीनं कापतो म्हनलं तं दुपार होईन." मग त्याचा चेहरा उजळला. "धक्क्यावर चालू करा ना जी! एकडाव चालू झाली का लाखांदूरपरेंत बंद कायले करता?"

बोलणं बिनतोड होतं. गोमाजी आणि शेजारच्या दोघांनी धक्का मारला, गाडी फटफटली, आणि पुंडलिकराव आनंदाच्या भरात मारुतीच्या देवळापर्यंत एकटेच निघून गेले. परत येऊन त्यांनी जानकीबाईंना बसवलं आणि तिघांनी पुन्हा एक धक्का मारला. जानकीबाई ऐटीत बसल्या. पहिले पाच मैल त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या समाधानाचं लक्षण होतं.

पुढे रस्त्यात म्हशी आल्या. गाडीला एक जुनी खोड होती. जागेवर उभी राहिली की ती दोन उचक्या देऊन मरायची. एरवी एका किकेत भागायचं. म्हशी रस्ता ओलांडून गेल्या, गुराखी त्यांच्यामागे गेला, आणि दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमध्ये नवराबायको आणि बंद गाडी एवढेच उरले.

"उतर," पुंडलिकराव खालच्या आवाजात म्हणाले.

"काहून?"

"धक्का माराले पाह्यजे."

जानकीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. धक्का मारण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी बाळंतविड्याचं गाठोडं नवऱ्याच्या गळ्यात अडकवलं, पदर कमरेला खोचला आणि जोर लावला. तिसऱ्या झटक्याला गाडी चालू झाली. पण थांबली तर पुन्हा मरणार, म्हणून पुंडलिकराव थांबले नाहीत. रस्ता अरुंद, वळायला जागा सापडेपर्यंत ते अर्धा मैल गेले. परत आले तेव्हा जानकीबाई चालत निम्म्या वाटेवर आल्या होत्या.

"बस लवकर! उभी नाई राहत गाडी."

"चालत्या गाडीवर बसू का मी? सर्कशीतली बाई हावो का?"

पण बसल्या. पायदान एवढं ऐसपैस होतं, की त्यावर पाय टाकून चालत्या गाडीवरही चढता येत होतं, हे मात्र मान्य करावं लागेल.

त्यानंतर गाडी नाल्याच्या उतारावर बंद पडली, मग एका बैलगाडीमागे, मग पुन्हा विनाकारण. प्रत्येक वेळी जानकीबाई उतरल्या. चौथ्या खेपेला त्या धक्का मारत असतानाच मागून यष्टी आली. कंडक्टरनं दारातून वाकून पाहिलं, हिरवं लुगडं, गाडीवर आरामात बसलेला पुरुष आणि त्याच्या गळ्यातलं गाठोडं. "बाई," तो ओरडला, "बसा यष्टीत! त्याले येऊ द्या मागून!"

साऱ्या खिडक्या हसल्या. जानकीबाई क्षणभर थांबल्या. त्यांनी यष्टीकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि अशा काही रागानं गाडी ढकलली, की ती एका झटक्यात चालू झाली.

लाखांदूरला पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. भोजराज दारातच उभा होता. "बाई, किती वाट पाहावं वं!" म्हणत त्यानं बहिणीचा हात धरला. पाळणा फुलांनी सजलेला, बायका गाणी संपवून दुसऱ्यांदा तीच गाणी म्हणत होत्या. जानकीबाईंचे केस सुटलेले, तळवे ग्रिसनं काळे. त्यांनी हात धुतले, पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं, रत्ना. बाळानं आत्याच्या कुंकवावरून ओघळलेल्या घामाकडे टक लावून पाहिलं आणि जांभई दिली. भोजराजला रडू आवरेना. ते पाहून जानकीबाईंचेही डोळे भरले आणि सकाळपासूनचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. निदान पुंडलिकरावांना तसं वाटलं.

जेवण झक्कास झालं. चार वाजता पुंडलिकरावांनी टोपी चढवली. भोजराज, त्याचा सासरा आणि आळीतले चौघे धक्का मारायला आले. गाडी चिखलात दोनदा रुतली, मग चालू झाली. पुंडलिकरावांनी समोरच्या विहिरीला वळसा घालून गाडी दारापाशी आणली. जानकीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, बाळ खांद्यावर.

"बस ना वं!" गाडी हळू करत पुंडलिकरावांनी हाक मारली.

"तुमी जा."

गाडी उचकी द्यायला लागली. पुंडलिकरावांनी घाईनं पुढे काढली, विहिरीला वळसा घातला आणि परत आले. "जा म्हंजे?"

"म्हंजे मी राह्यतो आठ दिस."

विहीर. वळसा. "अन् मी खाऊ काय?"

"भात मांडा!"

विहीर. वळसा. "मले नाई येत!"

"दीड पाव तांदूळ, दोन पेले पाणी!"

एका फेरीला एकच वाक्य. अंगणातल्या बायकांच्या माना गाडीबरोबर फिरत होत्या. पाचव्या फेरीला पुंडलिकरावांनी भोजराजकडे पाहिलं. "भाऊ, थांबतो मी जरासा. मंग पुन्हा धक्का मारसान ना?"

"नाई जी," भोजराजच्या आधी त्याचा सासराच कमरेवर हात ठेवून म्हणाला. "आमची कमर गेली. निंगा तुमी, दिस बुडाच्या आत पोचान."

सहाव्या फेरीला त्यांनी काहीच विचारलं नाही. तरीही जानकीबाई मायेनं ओरडल्या, "भात वाफेवर ठेवजा!" आणि पुंडलिकराव कोंढ्याच्या रस्त्याला लागले.

रस्त्यात गाडी एकदाही बंद पडली नाही. म्हशी नाहीत, बैलगाडी नाही, संध्याकाळचं गार वारं. दीड पाव तांदूळ, दोन पेले पाणी, असं घोकत ते घरी आले आणि गाडी अंगणात लावून मोठ्या समाधानानं बंद केली. आठ दिवसांचं काय एवढं! माणूस शिकतोच. ते दाराशी गेले. दाराला कुलूप होतं. सदऱ्याचा खिसा पाहिला, दुसरा पाहिला, टोपीसुद्धा झटकून पाहिली.

शेजारच्या बायजाबाई उद्याचे तांदूळ पाखडता पाखडता हे सगळं पाहत होत्या. "आले का भाऊजी? जानकी कुठी?"

"माहेरी राह्यली."

"अन् किल्ली?"

"तिच्या कमरेले."

बायजाबाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग बंद गाडीकडे पाहिलं, आणि सूप खाली ठेवून उठल्या. "मंग चार जनाईले बलावतो. धक्का माराले लागन ना."

"सकाळी बलावा वहिनी," ओट्यावर बसत पुंडलिकराव म्हणाले. "आता भात झाला असन तं अगुदर तो वाढा."